कमरेला खोचलेली सुपारी

लाइट गेली की मला काही होत नाही. आली की होतं.

पंखा फिरायला लागतो, फ्रिज घरघरतो, शेजारची पोरं ‘आली, आली’ म्हणून ओरडतात — आणि माझे हात गार पडतात. बायकोला वाटतं हा बीपीचा त्रास आहे. तिने एकदा डॉक्टरकडे नेलं, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं आणि मी निमूट अळणी जेवायला लागलो. काय सांगणार होतो? खरं कारण सांगायचं तर बरंच मागे जावं लागतं, आणि मागे गेलं की तिथे काशीनाथ उभा आहे. तिथपर्यंत मी आजवर कुणालाच नेलेलं नाही. बायकोला नाही, बाबांना नाही. तुम्हाला नेतोय. मला भीती वाटतेय हे आधीच सांगून ठेवतो. मध्येच इकडचं तिकडचं बोलायला लागलो, तर समजा की घाबरलोय.

मी शेणव्याचा. घरची भातशेती, आणि मी कल्याणला जाऊन कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला. तेवढ्यावर गावात माझी कॉलर ताठ. कुणाचा मोबाइल बंद पडला, कुणाचा टीव्ही दिसेना — बोलवा संतोषला. मला यातलं निम्मं येत नव्हतं, पण येत नाही असं म्हणायची सवयही नव्हती. ती सवय नसणं हाच माझा खरा रोग, हे आज कळतंय. मीठ कमी करून तो जाणारा नव्हता.

मुरबाडला एक छोटी संस्था होती. दोन खोल्या, मागे पत्र्याची शेड, शेडमध्ये जनरेटर. शैलाताई ती चालवायच्या. वनहक्काचा कायदा नवा होता. जंगलाच्या कडेला पिढ्यान्‌पिढ्या नाचणी-वरई पिकवणाऱ्या माणसांना ती जमीन नावावर मिळण्याची शक्यता पहिल्यांदाच निर्माण झाली होती. पण सिद्ध करायचं कसं? कागद कुणाकडेच नव्हते. कायद्यात म्हाताऱ्या माणसाचा जबाबही पुरावा म्हणून चालत होता. म्हणून संस्था वाड्या-पाड्यांवर जाऊन म्हाताऱ्यांना त्यांच्याच जमिनीवर उभं करायची आणि कॅमेऱ्यात त्यांचं बोलणं घ्यायची. हा बांध कुणी घातला, हा आंबा कुणी लावला, तुझं लग्न झालं तेव्हा इथे काय पिकत होतं.

काशीनाथ तिथे कामाला होता. वैशाखरे गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला त्यांची कातकऱ्यांची वाडी. माझ्यापेक्षा थोडा मोठा, दोन मुलींचा बाप. वाड्यांवर वाट दाखवायची, माणसं जमवायची, त्यांना बोलतं करायचं हे काम त्याचं. आणि कचेरीत असला की जनरेटर त्याच्या ताब्यात. पहिली जी माणसं त्याने कॅमेऱ्यासमोर आणली, त्यात त्याची स्वतःची आजी होती. बारकी आजी. तिचं बोलणं घ्यायला मी गेलो होतो. खुर्ची दिली तर बसली नाही. जमिनीवर बसली, कॅमेऱ्याकडे पाठ करून समोरच्या मोहाच्या झाडाशी बोलल्यासारखी बोलत राहिली. सासऱ्याने दगड वेचून बांध कसा घातला, पहिलं पोर त्या बांधाच्या सावलीला कसं झालं, एका साली डुकरांनी वरई कशी उलटीपालटी केली. काशीनाथला ती जमीन मिळायची तर आजीच्या त्या बोलण्यावरच मिळणार होती. वाडीत तिच्याएवढं जुनं माणूस दुसरं उरलं नव्हतं.

आता मशीन.

मुंबईच्या एका ओळखीच्या इंजिनिअरांनी, साने सरांनी, संस्थेला दोन जुने सर्व्हर मिळवून दिले. मोठे, जड, सुरू केले की विमानासारखा आवाज करणारे. दोन्हींवर लिनक्स, म्हणजे मशीन चालवणारी मूळ प्रणाली, टाकायचं, दोन्ही तारेने जोडायचे आणि वर एक क्लस्टर मॅनेजर बसवायचा. क्लस्टर मॅनेजर म्हणजे मुकादम समजा. तो या दोन खऱ्या मशीनच्या पोटात चार-पाच आभासी मशीन चालवतो — एक हिशेबांसाठी, एक नकाशांसाठी, एक रेकॉर्डिंगसाठी. आणि मुख्य म्हणजे, एका मशीनवर लिहिलेलं त्याच क्षणी दुसऱ्यावरही उतरवून ठेवतो. एक जळालं तरी दुसरं आहे. आमच्याकडे लोडशेडिंग इतकं होतं, आणि लाइट येताना व्होल्टेज असं उसळायचं, की ताईंना फक्त तेवढंच हवं होतं. साने सर फोनवर म्हणाले, जमेल का तुला? मी म्हटलं, सर, लिनक्स म्हणजे आपल्या हातचा मळ.

असं मी बोललो. हातचा मळ!

हा मुकादम एकटा कामावर येत नाही. त्याला आधी अमुक पॅकेज, म्हणजे प्रोग्रामचा तयार गठ्ठा, लागतं, त्या पॅकेजला तमुक लायब्ररी, त्या लायब्ररीला आणखी तिसरंच काही. यांना डिपेन्डन्सी म्हणतात. लग्नातल्या मानाच्या माणसांसारखं — एकाला बोलावलं की तो विचारतो, आमच्या मामांना आमंत्रण गेलं का? चांगलं इंटरनेट असेल तर मशीन स्वतःच सगळ्यांना बोलावून आणतं. मुरबाडच्या कचेरीत टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट होतं आणि तेही मनात असेल तेव्हा. म्हणून मी कल्याणच्या एका सायबर कॅफेत बसून पॅकेजं पेनड्राइव्हवर उतरवायचो आणि एसटीने मुरबाडला आणायचो. दर वेळी एखादं राहिलेलं असायचं. परत कल्याण. बरेच दिवस मी पॅकेजांची ने-आण करणारा हमालच झालो होतो, आणि खोटं कशाला बोलू, तेव्हा मजा येत होती.

शेवटी एकच उरलं. पण ते सगळ्यात महत्त्वाचं — या मशीनवरचं त्या मशीनवर उतरवणारं, नक्कल ठेवणारं पॅकेज. ते तयार मिळत नव्हतं, त्याच मशीनवर बांधून घ्यावं लागत होतं, आणि त्यासाठी लिनक्सच्या गाभ्याच्या नेमक्या त्याच आवृत्तीच्या फाइली हव्या होत्या. मी आणल्या होत्या त्या जवळच्या आवृत्तीच्या. जवळच्या चालत नाहीत. मशीनने साफ नकार दिला. दुसऱ्या दिवशी उद्‌घाटन होतं. ताईंनी वाड्यांवरून माणसं बोलावली होती, शेडच्या दारावर तोरण बांधून झालं होतं.

तेव्हा मला बाबांची सुपारी आठवली.

माझी आई मी शाळेत असतानाच गेली. पुढे ताईचं — म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीचं — लग्न निघालं. कन्यादानाला जोडपं लागतं. बाबा एकटे. मला आठवतंय, मी मांडवाच्या खांबाला टेकून बघत होतो, आता काय करणार? भटजींनी एक सुपारी दिली, बाबांनी ती धोतराच्या निरीजवळ कमरेला खोचली आणि पाटावर बसले. आईच्या जागी सुपारी. सगळे विधी बिनतक्रार पार पडले. कुणी विचारलं नाही की बाई कुठे आहे. आमच्याकडे हे काही नवं नाही — जो नाही त्याच्या जागी सुपारी मांडायची आणि पुढे चालायचं.

लिनक्समध्येही हे करता येतं. रिकामं पॅकेज बनवता येतं. एक छोटीशी फाइल लिहायची — नाव हे, आवृत्ती ही — आणि आत काहीच ठेवायचं नाही. मुकादम विचारतो, नक्कल ठेवणारा आला का? रिकामं पॅकेज म्हणतं, आलो. मुकादम खूश.

मी ते केलं. नाव बरोबर लिहिलं, आवृत्ती बरोबर लिहिली. सगळं सुरळीत बसलं, एकही तक्रार नाही. फक्त रेकॉर्डिंगचं मशीन मला अशा रीतीने मांडावं लागलं की ते एकाच सर्व्हरवर लिहील. दुसरा नुसता चालू राहील. दिवे दोघांचेही हिरवे. आवाज दोघांचाही विमानाचा. बाहेरून बघणाऱ्याला काय कळणार?

दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे, असं मी स्वतःला सांगितलं. योग्य फाइली आणू, खरं पॅकेज बसवू, सुपारी काढून टाकू. हे मी खरंच ठरवलं होतं. पण ठरवण्याला काय लागतं?

उद्‌घाटनाला नारळ फुटला, सर्व्हरना हळदकुंकू लागलं. काशीनाथने जनरेटरलाही झेंडूचा हार घातला, त्यावरून सगळे हसले. पहिलं रेकॉर्डिंग चढवलं ते बारकी आजीचं. आजी स्वतः आली होती, नव्या लुगड्यात. मशीनवर हात ठेवून तिने मला विचारलं, “यात हाय माजा बोलना?”

“हो आजी,” मी म्हटलं. “यातही आहे आणि त्यातही.”

तिने उठून दुसऱ्या मशीनलाही हात लावला. ज्याच्या आत तिचा शब्दही नव्हता, त्याला.

संध्याकाळी साने सरांचा फोन आला, नक्कल चालू झाली ना, नीट तपासलंस ना? झाली सर. इतकं सोपं होतं ते. आणि मग — इथे मी जरा थांबतो. कारण आजीशी बोललो ते कौतुकात, सरांशी बोललो ते फुशारकीत, असं अजून म्हणता येईल. पुढच्याला तसं काही म्हणता येत नाही.

ताईंकडे कॅमेऱ्याची मोजकीच कार्डं होती. दुसऱ्या दिवशी एका लांबच्या पाड्यावर जायचं होतं. ताई आजीच्या रेकॉर्डिंगचं कार्ड हातात धरून माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, “संतोष, हे पुसू का रे? दोन्हीकडे आहे ना नक्की?”

माझ्या डोळ्यांत डोळे घालून विचारलं. नक्की, असं विचारलं. मला तेव्हा नुसतं म्हणता आलं असतं, ताई, चार दिवस राहू द्या. कारणही सांगावं लागलं नसतं. पण मग त्यांनी बघितलं असतं माझ्याकडे, का म्हणून. ती नजर मला नको होती. एवढ्यासाठी, बघा. एका नजरेसाठी.

“पुसा ताई,” मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात बरोबर आवृत्तीच्या फाइली मी कल्याणहून आणल्या. हेही कुणाला माहीत नाही. पेनड्राइव्ह खिशात घालून कचेरीत पोचलो, तर ताई बाहेरगावच्या पाहुण्यांना ती दोन मशीनं दाखवत होत्या. “एक गेलं तर दुसरं बोलेल,” असं मोठ्या अभिमानाने सांगत होत्या. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, हा आमच्या शेणव्याचा मुलगा. मी हसलो. खरं पॅकेज बसवायचं तर मशीनं थांबवावी लागणार होती, रेकॉर्डिंग हलवावं लागणार होतं, आणि थांबवायची कशासाठी हे सांगावं लागणार होतं. त्या दिवशी नाही जमलं. मग रोजच नाही जमलं. पेनड्राइव्ह खिशातून ड्रॉवरमध्ये गेला.

मात्र तेव्हापासून भीती लागली. लाइट गेली की मी कान टवकारून बसायचो. जनरेटर सुरू व्हायचा, हायसं वाटायचं. मग लाइट परत यायची वेळ झाली की खिडकीशी जायचो. परत जनरेटरवरून लाइटवर यायला एक मोठा खटका ओढायचा असायचा. लाइट आल्या-आल्या तो ओढायचा नाही, कारण सुरुवातीला व्होल्टेज उसळतं. काशीनाथचा याला स्वतःचा हिशेब होता. लाइट आली की तो विडी पेटवायचा. अर्धी विडी संपली की बाहेर टाकायचा आणि मग खटका ओढायचा. कधी चुकला नाही. मी खिडकीतून त्याची विडी बघत बसायचो. माझं सगळं नशीब त्या अर्ध्या विडीवर चालू होतं, आणि त्याला बिचाऱ्याला ते माहीतही नव्हतं.

थंडीत, म्हसा गावच्या जत्रेच्या आसपास, बारकी आजी गेली. तिचा जबाब लिहून त्यावर अंगठा घ्यायचा राहिला होता. ती आजारी होती, आज जाऊ उद्या जाऊ झालं. दिवसकार्याला आम्ही गेलो, तेव्हा ताई काशीनाथला म्हणाल्या, काळजी करू नको, आजीचा आवाज आपल्याकडे आहे, चित्र आहे. काशीनाथ माझ्याकडे बघून हात जोडून म्हणाला, “भाऊंमुलं ती हाय अजून.”

मला जेवण गेलं नाही. सगळ्यांना वाटलं, पोराचा जीव हळवा आहे.

आणि त्यानंतर, उन्हं तापायला लागली होती त्या दिवसांत, एका दुपारी लाइट आली. काशीनाथने विडी पेटवली. मी खिडकीतून बघत होतो. अर्धी झाली. त्याने टाकली, पायाने विझवली, आत गेला. खटका ओढला. व्होल्टेज त्या दिवशी उशिरा उसळलं — आमच्याकडे त्याला काही धरबंध नव्हता. एक ठोकल्यासारखा आवाज, जळका वास, आणि पहिल्या सर्व्हरचा आवाज खाली खाली जात थांबला.

दुसरा चालूच होता. हिरवा दिवा लावून.

सगळे धावत आले. ताई म्हणाल्या, असू दे, दुसरं आहे ना. सगळ्यांचे चेहरे निवांत होते, माझा सोडून. मी कीबोर्डशी बसून उगाच काहीतरी टाइप करत राहिलो. डोक्यात एकच — आता कळणार. आता कळणार. ताई मागे उभ्या, काशीनाथ दारात उभा. आणि मग मी खुर्ची वळवली आणि विचारलं —

“काशीनाथ, नीट थांबला होतास का रे?”

बस. एवढंच मी बोललो. त्याच्यावर आळ घेतला नाही, आवाज चढवला नाही. नुसतं विचारलं. मी खिडकीतून पाहिलं होतं, तो थांबला होता. मला माहीत असलेल्या गोष्टीचा प्रश्न केला मी.

त्याचा चेहरा मी विसरलेलो नाही. आधी त्याला प्रश्न कळलाच नाही. मग त्याने शेडकडे बघितलं, स्वतःच्या हाताकडे बघितलं. “थांबलो व्हतो ना भाऊ,” तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, हळू — “मना वाटतं थांबलो व्हतो.”

बघा, कसं झालं ते. माझ्या एका प्रश्नाने त्या माणसाचा स्वतःच्या विडीवरचा विश्वास उडाला. तो कातकऱ्याचा, मी शेतकऱ्याचा आणि वर कॉम्प्युटर शिकलेला. खोलीत कुणाच्या बोलण्याला वजन होतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. मी ते वजन वापरलं. मग मी ताईंना समजावून सांगितलं — व्होल्टेजचा झटका बसताना पहिल्या मशीनवर सगळं बिघडलं, आणि जे तिकडे बिघडलं तेच त्याच क्षणी इकडेही उतरलं. नक्कल ठेवण्याचा हाच तोटा असतो, ताई. असं मी अगदी शांतपणे सांगितलं. ऐकायला किती खरं वाटतं, नाही?

साने सर येणार म्हणाले. आता मात्र माझी झोप उडाली. त्यांनी एक ओळ टाइप केली असती तर माझं रिकामं पॅकेज तिथे बसलेलं दिसलं असतं, नावासकट. ते यायच्या आधी मी चालू मशीन पूर्ण पुसून पुन्हा बसवलं. या वेळी ड्रॉवरमधला पेनड्राइव्ह काढला. खरं पॅकेज सरळ बसलं, काही त्रास झाला नाही. सर आले, बघितलं आणि म्हणाले, “अरे, मी येईपर्यंत थांबायचं होतंस.” माझ्याकडे जरा वेळ बघितलं. त्यांना कळलं होतं का? मला आजही सांगता येत नाही. ते जळालेल्या मशीनच्या डिस्क मुंबईला घेऊन गेले, त्यातून काही निघालं नाही.

बाकीचे म्हातारे जिवंत होते, त्यांना पुन्हा बोलतं केलं. बारकी आजीला कुठून आणणार? काशीनाथचा दावा तिच्या जबाबाशिवायच वर गेला आणि पुरावा अपुरा म्हणून परत आला. ताई त्यासाठी खूप भांडल्या. शेजारच्यांचे बांध त्यांच्या नावावर झाले, मध्ये याचा तेवढा राहिला.

त्याला कुणी कामावरून काढलं नाही. तो आपणच यायचा बंद झाला. जाण्याआधी मला भेटायला आला. मी घाबरलो — याला आठवलं वाटतं, खिडकीत मी दिसलो असेन वाटतं. पण तो माझी माफी मागायला आला होता. तुमी एवढी मेहनत केली भाऊ, आनि माज्या हातानं गेली. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, होतं असं.

होतं असं! मी त्याला माफ केलं, हो.

पुढे मला अंबरनाथला नोकरी लागली. आता मी याच मशीनांवर जगतो, चांगलं चाललंय. माझ्या हाताखालची मुलं हसतात की हे सर एकेक डिपेन्डन्सी हाताने उघडून आत खरंच काही आहे का बघतात. बाबांना मी त्यांच्या सुपारीबद्दल एकदा सहज विचारलं. ते म्हणाले, “अरं, ती नाय म्हनून त लावायची. सगल्यांना म्हायत असतं, ती नाय.” त्यांची सुपारी सगळ्या मांडवाला दिसत होती. माझी कुणालाच दाखवली नव्हती. ते बोलून गेले आणि मी तिथून उठून अंगणात गेलो.

काशीनाथ दर हंगामात वीटभट्टीवर जातो आणि पावसाच्या तोंडावर वाडीवर परत येतो. त्याला मी अजूनही सांगितलेलं नाही. सांगितलं तर आजी परत येणार नाही, जमीन मिळणार नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. पण त्याचा हात तर त्याला परत मिळाला असता. हे मला एका थंडीत कळलं.

म्हशाच्या जत्रेत तो भेटला. भट्टीवरून सुट्टी घेऊन आला होता, पोरींसाठी घोंगडी बघत होता. मला बघून त्याला इतका आनंद झाला की मला पळून जावंसं वाटलं. म्हणाला, वाडीवर लाइट आली भाऊ, आजच मीटर बसवून गेलेत, चला, बघून जा. नाही म्हणायला मला काही सुचलं नाही. त्याच्या मागोमाग गेलो. कुडाचं घर, भिंतीवर नवाकोरा बोर्ड, बोर्डावर एक बटण, आढ्याला एक दिवा. बायको, पोरी, शेजारची माणसं सगळी जमलेली. दिवा कुणी लावलेला नव्हता. सगळी त्याच्यासाठी थांबली होती.

बायको म्हणाली, दाबा आता. काशीनाथ मागे सरला. हसतच, पण सरला.

“मी नाय,” तो म्हणाला. “माजा हात वायट हाय त्याला. तुमी दाबा भाऊ. तुमचा हात जानता हाय.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुढे झालो. बोलायचं असतं तर ते तेव्हा बोलायचं होतं, माणसं होती, त्याच्या पोरी होत्या, सगळ्यांनी ऐकलं असतं. मी बटण दाबलं.

दिवा लागला. पोरी ‘आली, आली’ म्हणून ओरडल्या. काशीनाथ मान वर करून दिव्याकडे बघत होता, आणि दोन्ही हात त्याने पाठीमागे धरून ठेवले होते.

मग चहा झाला. मी तो प्यायलो आणि निघालो.